वाटेत गेलेले तास

मास्तरांनी तिसऱ्यांदा बेरीज केली आणि तिसऱ्यांदाही ती तेवढीच आली. एक हजार एकशे एकसष्ट.

समोर स्टुलाच्या कडेवर बेकरीतली भिंगरी बसली होती. पाठ टेकायची सवयच नव्हती तिला. तिचा एक पाय सारखा हलत होता.

"आलं का काका?"

"एकोणचाळीस तास कमी पडतायत."

पाय हलायचा थांबला.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. कानावर पेन्सिल आणि नाकावर चष्मा म्हणून हे नाव पडलं, एवढंच. बेकरीची दुकानं तीन. भट्टीचं मोठं दुकान, पुलाकडचं दुकान आणि शाळेजवळचं दुकान. कोण कुठे किती तास राबलं, हे दर शनिवारी तिन्हीकडे फिरून आपल्या मोठ्या वहीत उतरवायचं, हे मास्तरांचं काम. तिन्हीकडच्या नोंदींची तऱ्हा वेगळी. भट्टीवाला मिनिटांसकट लिही. पुलाकडचा गडी 'चहानंतर आली' एवढंच लिही, आणि चहा किती वाजता झाला ते मास्तरांनी त्याला खोदून खोदून विचारावं. तरीही मास्तरांची वही आरशासारखी होती. प्रत्येक माणसाला एक पान, प्रत्येक पानावर तीन रकाने. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच ते आखले होते.

विम्याचं कार्ड हवं असेल तर वर्षात बाराशे तास काम झालेलं दिसायला हवं. वर्ष आज संपत होतं. कचेरीची खिडकी चार वाजता बंद होणार होती. भिंगरीच्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन परवावर आलं होतं, आणि दवाखान्यानं स्पष्ट सांगितलं होतं, कार्ड आणा नाहीतर तारीख दुसऱ्याला देऊ. दुसरी तारीख केव्हा मिळेल ते कुणी सांगत नव्हतं.

"थोडं इकडंतिकडं करून..." भिंगरी म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. खोटा आकडा लिहायला त्यांचा हात धजत नसे. ह्याला लोक सचोटी म्हणत. ती सचोटी आहे की नुसता भित्रेपणा, हे त्यांचं त्यांनाही कधी कळलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी भिंगरीच्या जागी एक बाई होत्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्यांना एकोणीस तास कमी पडले, तेव्हाही मास्तर असेच खाली बघून म्हणाले होते, "बसत नाही, बाई." त्या बऱ्या स्वभावाच्या. "नसेल बसत," म्हणाल्या आणि गेल्या.

"सकाळपासूनचं सांग मला," मास्तर म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणूनच.

"सांगायचं काय त्यात? सहाला इथं येते, पीठ मळते. आठला पिठाचे डबे घेऊन पुलाकडे. तिथलं उरकलं की शाळेजवळ. तिथलं झालं की रिकामे डबे घेऊन परत इथं, आणि मग घरी."

"डबे घेऊन," मास्तर म्हणाले.

"मग काय हात हलवत?"

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. तीन रकाने. पुलाकडे जायला पंचवीस मिनिटं, तिथून शाळेजवळ वीस. ही मिनिटं कुठल्या दुकानाची? कुठल्याच नाही. म्हणून ती कुठेच नव्हती. पंधरा वर्षं डोळ्यांसमोर वही होती, आणि दुकानांच्या मधे रस्ता असतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते उठून थेट मालकीणबाईंकडे गेले. बाई पावांचे ट्रे मोजत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, मी सही करीन. पण खरं असेल त्यावरच. उद्या तपासणीला कुणी आलं तर काय दाखवू? तुमचा चेहरा?"

"पुरावा आणतो."

"आणा. दीड वाजून गेलाय."

पुरावा भट्टीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला होता. मळलेलं पीठ फ्रीजमधून काढल्यावर फार वेळ बाहेर राहिलं तर आंबट होतं. म्हणून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागे, डब्याचा नंबर आणि दर दुकानातून निघाल्याची, पोचल्याची वेळ. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या ह्या टांगलेल्या वहीत चिकटवत. पिठाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद होती. ते पीठ कमरेवर घेऊन चालणाऱ्या बाईची नव्हती.

पण चिठ्ठ्या दोनच महिने ठेवायचा नियम. त्याआधीच्या भट्टीत गेल्या होत्या. मास्तरांनी जमिनीवर बसकण मारली आणि एकेक चिठ्ठी वाचत गेले. भिंगरी बोटांवर मिनिटं धरत होती. अठ्ठेचाळीस दिवस. छत्तीस तास.

"तीन तास," भिंगरी म्हणाली. "तीनच राहिले ना काका?"

एकोणचाळीसपेक्षा हे तीन जड होते.

"परतीची चिठ्ठी नाही?"

भट्टीवाला हसला. "रिकाम्या डब्याला चिठ्ठी कोण लावतं, मास्तर? हवा नासते काय?"

मास्तर पुन्हा चिठ्ठ्यांच्या वहीवर वाकले. डबे सहाच होते. शाळेजवळ मंगळवारी गेलेला चार नंबर बुधवारी सकाळी इथूनच पुन्हा निघाला होता. गुरुवारीही.

"हा डबा रात्रीतून आपल्या पायांनी तर आला नसेल," ते म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत ते एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते.

मालकीणबाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या. "आणली हे पटलं. पण किती वेळात? मास्तर, अंदाजावर सही नका सांगू."

मास्तरांनी वाद घातला नाही. तो त्यांना येतच नसे. ते रिक्षानं शाळेजवळच्या दुकानात गेले, दोन रिकामे डबे मागितले, एक कमरेवर आणि एक खांद्यावर घेतला आणि घड्याळ बघून निघाले. अडीच. पहिल्या वळणावर कड बरगडीत रुतायला लागली. चढावर धाप लागली. पंधरा वर्षं ज्या वाटेची नोंद केली नाही ती आता प्रत्येक पावलाला नोंद करून घेत होती. मधेच एकदा डबा निसटला आणि घरंगळत गटारापाशी गेला. तो उचलताना त्यांना वाटलं, आपण काय हा पोरखेळ मांडलाय. चार वाजतील, ती पोर स्टुलावर बसलेली असेल, आणि आपण पुन्हा म्हणू, बसत नाही.

दारात पोचले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"बावन्न मिनिटं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि पाण्याचा पेला दिला. "तुमची बावन्न. हिची किती?"

मास्तर म्हणणार होते, पस्तीस धरा. त्याआधीच भिंगरी बोलली, "तीस."

"अगं..."

"तीसच लागतात. परतताना मी पळते. ह्यांच्या औषधाची वेळ असते."

मास्तरांनी तीसच धरली. अठ्ठेचाळीस दिवसांचे चोवीस तास झाले. बाईंनी आकडा स्वतः ताडून पाहिला, बाराशे एकवीस, आणि सही केली. मग मोठी वही मास्तरांकडे सरकवून म्हणाल्या, "चौथा रकाना आखा. उद्यापासून सगळ्यांसाठी."

कचेरीत पोचले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. खिडकीतल्या माणसानं शेवटचा आकडा तेवढा पाहिला आणि शिक्का मारला. "धावत कशाला आलात? वेळ होता की अजून."

बाहेर पायरीवर भिंगरी कार्ड छातीशी धरून उभी राहिली. रडली नाही. तिचा पाय पुन्हा हलायला लागला होता.

"काका, मी दवाखान्यात जाऊ ना?"

"जा. एक विचारायचं होतं." मास्तरांनी चष्मा पुसला. "तुझ्या आधीच्या त्या बाई. त्याही डबे न्यायच्या ना?"

"त्यांनीच तर मला वाट दाखवली."

"कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. एक डोळा गेला, दुसऱ्यावर भागवतात. एका खानावळीत भाजी निवडायला बसतात." ती हसली. "तुमची आठवण काढतात हं. म्हणतात, मास्तरांचा हिशेब मिनिटानंही चुकायचा नाही."

एकोणीस तास. त्यांच्या चिठ्ठ्या केव्हाच भट्टीत जळून गेल्या होत्या.

"खानावळ कुठली?" मास्तरांनी विचारलं.

तिनं सांगितलं आणि वळून पळत सुटली. मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. तिथं जाऊन काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. निदान पत्ता तरी लिहून घ्यावा म्हणून त्यांनी खिशातून कागद काढला, आणि पत्त्याखाली लिहिलं, एकोणीस तास.