बिनआवाजाची गाडी

मी सूड घेतला आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला पश्चात्ताप होईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

गोष्ट दोन हजार आठ सालची. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दोन भावांचं एक घर. थोरले गणपतराव, माझे दीर. धाकटा जोतीराम, माझा नवरा. जोतीराम रोज एसटीनं हुपरीला जायचा, चांदीची पैंजणं घडवायला. हातानं बारीक काम करणारा माणूस, पण भावासमोर उभा राहिला की स्वतःच बारीक व्हायचा. घरातली म्हैस, कस्तुरी, मात्र माझी होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांनी एवढीशी रेडी पाठवली होती. तिला मी वाढवलं, तिची बाळंतपणं मी केली आणि तिच्या दुधाचा राजारामपुरीतला रतीबही मीच घालायची.

त्या उन्हाळ्यात घराची वाटणी झाली. मध्यस्थीला तालमीचे कृष्णात वस्ताद आणि चार जुनी माणसं बसली. खोल्या झाल्या, भांडी झाली, मग कस्तुरीचा विषय निघाला. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून चौकात आणतात. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं धडधडत निघतो आणि म्हैस एवढ्या गर्दीतून नेमकी त्याच्याच गाडीमागं पळते. त्याला सगर म्हणतात. कस्तुरीला दर पाडव्याला गणपतराव आपल्या राजदूतमागं पळवायचे, कारण आमच्याकडं गाडीच नव्हती.

"म्हस ज्याच्या गाडीमागं पळती, ती त्याची," गणपतराव म्हणाले. "हितं कुणालाबी इचारा."

वस्तादांनी मान हलवली, मग बाकीच्यांनीही हलवली. मी दारातून म्हणाले की म्हैस माझ्या बापानं दिलीय. गणपतराव माझ्याकडं न बघताच म्हणाले, बाईमाणसाच्या मागं म्हस पळत न्हाय. सगळे हसले. जोतीरामही हसला, सवयीनं. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच ठरवलं की येत्या पाडव्याला सगळ्या पेठेसमोर कस्तुरी माझ्या गाडीमागं पळवायची, आणि ज्या तोंडानं गणपतरावांनी ती नेली त्याच तोंडानं ती माझी आहे हे वदवून घ्यायचं.

अडचण एवढीच होती की मला गाडी नव्हती आणि चालवताही येत नव्हती.

कस्तुरी त्यांच्या गोठ्यात गेली खरी, पण दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडेना. जाऊबाई शालूबाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा लाथ खाल्ली. मग गणपतरावांनीच निरोप धाडला, की धार तू काढत जा, रतीबापुरतं दूध तुला देतो. माझ्याच म्हशीची मी मोलकरीण झाले. मी गप्प बसून हो म्हटलं. जोतीरामला वाटलं, बाई निवळली. कस्तुरीपाशी दोन वेळा जायला मिळतंय म्हणून मी गप्प होते, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

राजारामपुरीत बायडाबाई कांबळे माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा मुलगा प्रसेनजीत, तिशीतला, डिप्लोमा केलेला, त्यानं नुकतंच विजेच्या स्कूटरचं दुकान टाकलं होतं. लायसन नको, नंबरप्लेट नको, पेट्रोल नको. पेठेतले लोक त्या गाडीला खेळणं म्हणायचे. मी किटली खाली ठेवून एक चक्कर मारली. पाय टेकवत, भिंतीला घासत, पण मारली. गाडी जराही आवाज करत नव्हती, ते मला फार आवडलं. दात-ओठ खाणाऱ्या बाईला अशीच गाडी शोभते.

चार्जर कुठला घ्यायचा यावर मात्र आमची चांगलीच जुंपली. एक साधा, रात्रभर लावून ठेवायचा. दुसरा मोठा, निम्म्या वेळात बॅटरी भरणारा. त्या साली लोडशेडिंगनं जीव नकोसा केला होता. आमच्या पेठेत लाइट कधी सकाळी जायची, कधी भरदुपारी. मी म्हटलं, मोठाच दे, लाइट असेल तेवढ्यात भरून घेते. प्रसेनजीतनं विचारलं, वैनी, रोज फिरता किती? राजारामपुरीला जाऊन येते, एवढंच सांगितलं. म्हैस फिरवायचीय हे कसं सांगणार? त्यानं समजावलं की मोठ्या चार्जरनं या बॅटऱ्या तापतात आणि लवकर मरतात. घरी पंधरा अँपिअरचा प्लग आणि धड अर्थिंग नसेल तर तो लावूच नये. एवढ्याशा फिरण्याला साधा पुरतो, वाचलेले पैसे वायरिंगवर घाला. विकणारा माणूस स्वस्तातली वस्तू घ्या म्हणतोय, याचाच मला आधी संशय आला. मग पटलं.

सवलतीचंही त्यानंच विचारलं. गणपतीनिमित्त दुकानाची सूट होतीच. शिवाय, तो म्हणाला, तुमच्या गल्लीतल्या दूध संस्थेनं महिला सभासदांना अशा गाडीवर सवलत जाहीर केलीय म्हणतात, ती बघा. मी जागेवरच हसायला लागले. त्या संस्थेचे अध्यक्ष गणपतराव. निवडणुकीच्या तोंडावर बायकांसाठी काहीतरी हवं म्हणून त्यांनी भाषणात ते ठोकून दिलं होतं, आणि एकही बाई ते मागायला गेली नव्हती.

मी गेले. वार्षिक सभेत, भरल्या मांडवात उठून मागितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. फ्लेक्सखाली उभं राहून त्यांनी मला चेक दिला, फोटो काढला, टाळ्या झाल्या. गणपतराव केवढ्या मोठ्या मनाचे, असं लोक म्हणाले. सुडाच्या गाडीला शत्रूच्याच हातची सवलत लागली, याचा आनंद मला गाडीपेक्षा जास्त झाला. तो फोटो त्यांनी संस्थेत टांगलाही.

पण गाडी घरी आली तसा त्यांचा मोठेपणा संपला. दोन्ही घरांना मिळून एकच मीटर होतं, त्यांच्या नावावर. मी प्लग लावला आणि शालूबाई निरोप घेऊन आल्या की आमच्या मीटरवर तुमचं खेळणं चार्ज होणार नाही. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जोतीरामला हुपरीला जाऊ दिलं नाही. घरफाळ्याची पावती त्याच्या हातात दिली, वीज मंडळाच्या कचेरीत स्वतंत्र मीटरचा अर्ज त्याच्याकडून करून घेतला, आणि भाऊ विचारेल तेव्हा काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं. मीटर येईपर्यंत दुपारी गाडी प्रसेनजीतच्या दुकानात लावायची आणि बायडाबाईंशी गप्पा मारत बसायची. मीटर आल्यावर अर्थिंगसाठी दारात खड्डा घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. खड्डा त्यांच्या हद्दीत येतोय म्हणत गणपतराव दोरी घेऊन मोजायला आले. खड्डा आमच्याच हद्दीत होता. ते दोरी गुंडाळत गेले आणि मी वर आणखी दोन घमेली माती ओढली.

मग कस्तुरीची शिकवणी सुरू झाली. दुपारी तिला पाण्यावरही मीच न्यायची, ते काम गणपतरावांनी आनंदानं माझ्यावर ढकललं होतं. पुढं स्कूटर, पायाशी आंबोणाची, भिजवलेल्या पेंडीची बादली. पहिले काही दिवस ती जागची हलेना. तिच्या लेखी गाडी म्हणजे धडधडाट, आणि ही तर चालू आहे की बंद तेच तिला कळेना. मग मी हॉर्न धरला. हॉर्न वाजवायचा, आंबोण द्यायचं. हॉर्न वाजवायचा, दोन पावलं चालवून द्यायचं. दिवस गेले तशी ती मागं मागं येऊ लागली, मग पळू लागली. भरदुपारी लाइट गेलेली, पंखे बंद, लोक दारं उघडी टाकून पडलेले, आणि मी म्हैस घेऊन त्यांच्या दारावरून जायची. आवाज नाही म्हणून कुणी मान उचलून बघितलं नाही.

पाडव्याला गणपतरावांनी कस्तुरीला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली. आणि पाठीवरचे केस कातरून भल्यामोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव काढलं, गणपतराव. ते बघून माझं उरलंसुरलं मन घट्ट झालं. त्या दिवशीची संध्याकाळची धार मी मुद्दाम काढली नाही. कास तटतटली होती. मी तिच्या कानाशी जाऊन माफी मागितली आणि थोडा दम काढ म्हटलं.

चौकात ही गर्दी. आमच्याकडं सगरचा एक रिवाज आहे. एकाची पाळी आली की हलगी थांबवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या गाड्या बंद ठेवायच्या, म्हणजे म्हशीला मालकाच्या गाडीचा आवाज नीट कळतो. गणपतरावांची पाळी आली. कस्तुरीला मधोमध उभं केलं. ते राजदूत ढकलत पार टोकाला गेले. हलगी थांबली, गाड्या बंद झाल्या, चौक शांत झाला. मी बायकांच्या बाजूनं स्कूटर पुढं घेतली. कुणीतरी ओरडायला हवं होतं, पण गाडी चालू आहे हेच कुणाला कळलं नाही. बाई गाडी हातानं सरकवतेय असं वाटलं असेल. गणपतरावांनी पहिली किक मारली, राजदूत सुरू झाली नाही. मी हॉर्न वाजवला.

कस्तुरीनं मान वळवली आणि निघाली. तेवढ्यात राजदूत सुरू झाली. कानाचे पडदे फाटतील असा आवाज. कस्तुरी मध्येच थांबली. माझा हॉर्न आता मलाच ऐकू येत नव्हता. वर्षानुवर्षं ज्या आवाजामागं ती पळाली तो समोर होता. मी गाडी थांबवली, मागं वळले आणि धार काढायला बसताना पुढं करते तसे दोन्ही हात तिच्यासमोर धरले. तिनं कासेकडं मान नेली, एकदा हंबरली आणि थेट माझ्याकडं पळत सुटली.

मग मी गाडी दामटली. चौक, कमान, तालमीचा कट्टा, सगळं पार करत गणपतरावांच्या अगदी जवळून नेली. ते अजून जागच्या जागी गाडी रेस करत होते. कस्तुरीचं लांब शिंग त्यांच्या फेट्याला घासून गेलं. वळून परत आले तेव्हा त्यांनी गाडी बंद केली होती.

वस्ताद कट्ट्यावरून उठले. वाटणीला मान हलवणारे तेच, आता पंचाईत त्यांचीही होती.

"गणपतराव," ते म्हणाले, "म्हस कुणाची?"

गणपतरावांनी खाली बघितलं. वस्तादांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

"तिची," गणपतराव म्हणाले.

"नाव घ्या की," मी म्हणाले. "हितं लई बायका हायत."

"क्रांतीची."

मागं उभ्या जोतीरामनं पहिल्यांदा भावाकडं सरळ बघितलं. मी कस्तुरीला घेऊन घरी गेले आणि तिथंच दारात बसून धार काढली.

चार दिवसांनी गणपतराव दाराशी आले. आत आले नाहीत. मी रतीबाला निघाले होते, गाडीचा प्लग काढत होते. आता मी कस्तुरीला रोज सकाळी स्कूटरमागून पाण्यावर नेत होते, त्यांच्या दारावरून, संस्थेवरून, तालमीवरून. तिच्या पाठीवर त्यांचं नाव तसंच होतं. पोरंटोरं ते मोठ्यानं वाचायची आणि मोठी माणसं मान वळवून हसायची.

"लोक हसत्यात," ते म्हणाले. "मेंदी लावून, रंग लावून, कसंबी कर. तेवढं नाव झाक."

मी वायर गुंडाळून ठेवली. बादली पायाशी घेतली.

"केसं हायत भावजी," मी म्हणाले. "वाढली की आपसूक जाईल."

आणि हॉर्न वाजवला. कस्तुरी उठली आणि त्यांचं नाव पाठीवर घेऊन माझ्यामागं चालू लागली.