काळ्या मातीचा खुराडा

कापसाच्या पराटीच्या काड्यांचा जुना खुराडा पिसवांनी भरला, तेव्हा मनकर्णेनं नवऱ्याला बजावलं होतं, "नव्याले भिंती पांढऱ्या मातीच्या घाला. गढीखालून आणा. तिले भेगा नाई पडत. भेगच नाई त पिसवा लपतीन कुठं?"

पण नत्थुजीला त्या वर्षी काळ्या मातीपुढं काही दिसतच नव्हतं. विलायतेला कापूस कमी पडला होता आणि अमरावतीचे व्यापारी वलगावात थेट बांधावर येऊन त्याला रामराम घालत होते. "जे वावर सोनं देऊन राहिलं, त्याची माती तुह्या कोंबड्याईले चालत नाई काय?" असं म्हणून त्यानं वावरातलीच माती तुडवली.

चैत्राच्या उन्हानं खुराड्याच्या भिंती तडकल्या. आज सकाळी अंड्यांवर बसलेली तांबडी कोंबडी मेलेली सापडली. तिचा तुरा पांढराफटक पडला होता. मनकर्णेनं तिला उचललं, तशा भेगांतल्या पिसवा तिच्या कोपरापर्यंत चढल्या. ती संतापानं किंचाळली.

"एका कोंबडीपायी काहून बोंबलून राहिली?" नत्थुजी ओसरीवरूनच म्हणाला.

मनकर्णा एकाएकी घराकडं वळली. हात झटकत ती नव्या खोलीत शिरली. तिथं त्यांची लेक वच्छला निजली होती. तिला नववा लागला होता. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी नत्थुजीनं मोठ्या हौसेनं बांधलेली खोली, त्याच मातीची.

मनकर्णेनं वच्छलाच्या उशाजवळच्या भिंतीवर बोट ठेवलं. ते मुळापर्यंत आत गेलं.