फुगलेले डोंगर

वहिनीने दोन डोंगरांच्या मधोमध अंगठा दाबला, खिंड तयार झाली, आणि तिने पिठाचे हात एप्रनला पुसले.

"झाली! आता सांग भिंगरे, ही ओलांडली की वरचं तळं दिसतं ना?"

भिंगरी म्हणजे तिची धाकटी नणंद. सायकलवरून टपाल वाटायची. पायाला भिंगरी तर होतीच, जिभेलाही थोडी होती, म्हणून घरात तेच नाव पडलं. बेकरी वहिनीची. तिला सगळी गल्लीच वहिनी म्हणायची, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठा मैदेवालासुद्धा. सकाळचे पाव दुकानांत पोचवून झाले होते, भट्टी निवत होती, आणि पाव वळायच्या लांब टेबलावर दोघींनी डोंगर मांडले होते.

नकाशा होता, चांगला मोठा होता. पण त्यावरच्या तपकिरी रेघा वहिनीच्या डोक्यात शिरत नव्हत्या. रेघा दाटीवाटीने आल्या की चढ खडा, लांब गेल्या की सोपा, हे भिंगरीने तिला सांगून सांगून झालं. वहिनी मान डोलवायची आणि पुन्हा विचारायची. जे हाताला लागत नाही ते तिला कळतच नसे. शेवटी तिने उरलेला पिठाचा गोळा टेबलावर आपटला आणि म्हणाली, "तू उंची वाच, मी रचते." तासाभरात डोंगर उभे राहिले, तळ्यांच्या जागी पाण्याच्या बशा आल्या.

"तळं दिसतं," भिंगरी म्हणाली. तिने पुडीचा लाल दोरा घेतला आणि रस्ता म्हणून मांडायला सुरुवात केली. पहिल्या तळ्याच्या काठाने तो नीट गेला, खिंडीच्या पायथ्याशी आला, आणि तिथून बाजूला वळून डोंगरांच्या पायाशी लांबलचक वळसा घेऊ लागला.

"अगं, खिंड राहिली."

"खिंडीतून नाही जायचं. खालून जाऊ. लांब आहे, पण सरळ आहे."

"आणि वरचं तळं?"

"तळी काय कमी आहेत का तिथे? दुसरी बघू."

भिंतीकडच्या बाकावर दादा उताणा पडला होता. वहिनीचा नवरा, भिंगरीचा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, पण मणका सरकल्यापासून दुकान नोकराच्या आणि तो स्वतः बाकाच्या ताब्यात होता. ही सायकलवरची सहल मुळात या बहीणभावाची. शाळेत असल्यापासून दोघं त्या तळ्यांच्या गप्पा मारत होते. यंदा सगळं जुळून आलं आणि नेमका मणक्याने दगा दिला. तेव्हा जेवताना भिंगरीने सहज विचारलं होतं, "वहिनी, तू येतेस?" आणि चाळिशी उलटल्यावर सायकल शिकलेल्या वहिनीने तोंडातला घास गिळायच्या आत "हो" म्हटलं होतं.

त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. पावांना चिरा पाडताना ती मनात वळणं घ्यायची. रेनकोट घालून तिने बेकरीतच फेऱ्या मारून पाहिल्या होत्या. हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. आणि आता हा वळसा पाहून तिने खिंडीवरचा हात मागे घेतला.

कारण उघड होतं. चढ आला की वहिनी उतरून सायकल ढकलायची. बेकरी टेकाडावर होती. रोज सकाळी पावाचे ट्रे लादून ती सुसाट खाली जायची आणि येताना धापा टाकत पायी यायची. भिंगरी तोच चढ शीळ घालत चढायची. म्हणजे आपल्याला लिंबूटिंबू म्हणून घेतलंय, वहिनीला वाटलं. दादाच्या जागी कुणीतरी हवं, म्हणून.

"माझ्यामुळे का गं?" तिने विचारलं.

"छे! तुझा काय संबंध? चल, पिशव्या लावून बघू."

मागच्या अंगणात दोघी सायकलींना पिशव्या बांधण्यात गुंतल्या. तंबू कुठे, स्टोव्ह कुठे, यावरून बरीच वादावादी झाली. वहिनीला खोबरेल तेलाची मोठी बाटली न्यायची होती, भिंगरीला चमच्याचा दांडासुद्धा जड वाटत होता. भांडता भांडता वहिनीची खुशी परत आली. वळसा तर वळसा, जायला तर मिळतंय!

आतून दादाचं हसणं ऐकू आलं. मग कण्हणं, मग पुन्हा हसणं. दोघी धावत आत गेल्या.

डोंगर दुप्पट झाले होते. एकमेकांना खेटून, गाल फुगवून बसले होते. खिंड पार बुजली होती, एक बशी कलंडली होती आणि लाल दोरा पिठात रुतला होता.

"यीस्टचं पीठ होतं ते!" वहिनीने कपाळावर हात मारला. रोज पहाटे तेच पीठ फुगायची वाट बघणारी बाई, आणि तिनेच हे विसरावं!

"मी मघापासून बघतोय," दादा डोळे पुसत म्हणाला. "आधी खिंड गेली, मग तळं सांडलं. हाक मारणार होतो, पण हसलो की पाठ दुखते."

वहिनी हसून हसून टेबलाला टेकली. भिंगरी मात्र हसत नव्हती. खिंडीपलीकडची, तळ्याकडे उतरणारी बाजू फुगून भिंतीसारखी उभी राहिली होती, तिच्याकडे ती बघत होती. मग तिने मूठ वळली आणि नेमकी ती बाजू दाबून सपाट केली.

"बघ, म्हणून म्हणते, खालूनच जाऊ," ती म्हणाली. "चल, एक चक्कर मारून येऊ. लादलेली सायकल कशी चालते ते कळेल."

वहिनीने मनाशी ठरवलं, आज चढावर उतरायचं नाही. जीव गेला तरी बेहत्तर, पण हिला दाखवायचंच. फाटकातून बाहेर पडताच उतार लागला, आणि उतार तर तिच्या रोजच्या पोटापाण्याचा होता. कुठे ब्रेक दाबायचा, कुठे सोडायचा, मागचं ओझं वळणावर कुठल्या अंगाला ओढतं, हे तिच्या मनगटांना पाठ होतं. वारा कानात शिरला. तिने मोठ्याने "होऽ" केलं. शिंप्याच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं, तिने त्यालाही हात केला.

खाली हौदापाशी थांबून तिने मागे पाहिलं. भिंगरी नव्हती.

बऱ्याच वेळाने ती वळणावर दिसली. सायकल हातात धरून, पायी. दोन्ही ब्रेक आवळलेले, बोटं पांढरी पडलेली. रोज अख्खं गाव पालथं घालणारी भिंगरी भिंतीच्या कडेकडेने उतरत होती.

"चेन सैल झालीय," जवळ येऊन ती म्हणाली.

वहिनीने चेनकडे पाहिलं. चेन ताठ होती. तिने नणंदेकडे पाहिलं. हनुवटीखाली गेल्या वर्षीच्या टाक्यांचा व्रण होता. फाटकाला धडकले, असं तेव्हा भिंगरीने सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून ती बेकरीतून घरी जाताना लांबच्या, बेताच्या उताराच्या गल्लीने जायची. वाटेत मैत्रीण राहते, म्हणायची. कोणती मैत्रीण, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

"होतात सैल," वहिनी म्हणाली. "चल, वर जाऊन बघू."

चढ आला. भिंगरी सीटवर बसली आणि शीळ घालत निघून गेली. वहिनी मध्यावर उतरली, सायकल ढकलू लागली, आणि आज पहिल्यांदाच तिला त्याची लाज वाटली नाही.

बेकरीत येताच तिने फुगलेले डोंगर गोळा करून मळून टाकले आणि झपाझप पुन्हा रचले. अंगठा दाबून खिंड केली. दोरा पिठातून सोडवला, झटकला आणि खिंडीवरून सरळ पलीकडे नेला.

"वहिनी, अगं, आपलं ठरलंय ना..."

"ऐक. चढावर तू पुढे. मी येईन मागून ढकलत, तासभर लागला तरी तू वर बसून राहायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. उतारावर मी पुढे. तू माझ्या मागच्या चाकावर नजर ठेवायची, दुसरीकडे कुठेही बघायचं नाही. मी दाबला की तू ब्रेक दाबायचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर घंटी वाजव, मी थांबेन."

दादाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

भिंगरीने दोऱ्याचं पलीकडचं टोक बोटाने चाचपलं. मग तिने कलंडलेली बशी उचलली, नळाखाली भरली, आणि एक थेंब न सांडता वरच्या तळ्याच्या जागी ठेवली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, दादाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "फार पुढे नको जाऊस हं."