दहाच्या गठ्ठ्याचा रबरबँड

मी एक जुना रबरबँड आहे. सैल पडलेला, चिरा गेलेला, कधी तुटेन याचा नेम नाही. म्हणून मित्रांनो, थोडक्यात सांगतो; आणि तेवढं मला ओढू नका.

कारखान्यात एका लांबलचक नळीचे काप काढले, त्यातला मी एक. तिथून आलो तो थेट दुसरीच्या वर्गात. काम एकच, दहा काड्या आवळून धरायच्या. अठ्ठावीसमध्ये पंधरा मिळवताना सुट्या काड्या तेरा झाल्या, की बाई म्हणत, "दहा बांधा, तीन सुट्या ठेवा!" मग मुलं मला दोन वेढे देत आणि नवा दशक तयार. वजाबाकीत उलट. सुट्या काड्या कमी पडल्या, की मला काढून दशक सुटा करायचा. काय रुबाब होता माझा! मी गठ्ठ्यावर दिसलो की काड्या मोजायच्या भानगडीत कुणी पडतच नसे.

तिथंच घोळ झाला. एकदा डबा खाली पडला आणि माझी एक काडी मोडली. तिचे तुकडे केरात गेले. उरलेल्या काड्या कुणीतरी घाईघाईत माझ्यात बांधून ठेवल्या. नऊच! मला कळत होतं, पण रबरबँडला तोंड कुठलं?

तो डबा होता पिटुकलीचा. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. तिच्या बोटांना मीच सैल सापडायचो, म्हणून ती दरवेळी मलाच सोडायची. बेचाळीसातून सतरा गेले, की हिचे उरायचे चोवीस.

"पुन्हा एक कमी! लक्ष कुठे असतं गं तुझं?" बाई वैतागायच्या.

शेवटी त्यांनी तिच्या आईला सांगितलं, "सोमवारी पुन्हा बघते. नाहीच जमलं तर पहिलीत बसवू." पहिलीत तिचा धाकटा भाऊ होता. पिटुकलीचं तोंड एवढंसं झालं. माझा तर जीव टांगणीला लागला.

सोमवारी बाई तिच्या शेजारीच बसल्या. तेच गणित. पिटुकलीनं मला काढून बाकावर ठेवलं.

"मोठ्यानं मोज," बाई म्हणाल्या.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ, दहा."

"आठ कुठे गेला?"

पिटुकलीचे डोळे भरून आले. "बाई, आठ म्हटलं की दहा होत नाहीत."

बाईंनी काड्या पुढ्यात ओढल्या. मोजल्या. परत मोजल्या. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, मलाच मोजता येत नाही."

बाईंनी आपल्या टेबलावरची एक काडी आणून त्यांच्यात मिसळली. पिटुकलीनं सतरा बाजूला काढल्या. उरल्या पंचवीस. "चूक माझी होती बाळा," बाई म्हणाल्या आणि तिचे डोळे पुसले. पहिलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता माझ्यात पुन्हा दहा काड्या आहेत. पण चीर वाढते आहे आणि धाकधूक काही जात नाही. मला उन्हात टाकू नका, बोटाला गुंडाळून उडवू नका, एवढी विनंती आहेच. पण मित्रांनो, त्याहून मोठी विनंती अशी, की मी बांधलेलं आहे म्हणजे दहाच असतील, असं धरून चालू नका. मला सोडा आणि मोजा. आणि नऊ भरल्या, तर न घाबरता नऊच म्हणा.