कापलेली चौकट

तपासनीस बाईंनी उकिडवं बसून खोलीच्या दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं. बोटाला थोडा भुसा लागला. लाकडात कोरलेली वेल वरून सरळ खाली येत होती आणि कमरेच्या उंचीवर एकाएकी संपत होती. तिथून खालचं लाकूड कापून काढलं होतं. उंबराही नव्हता.

"कधी केलंत हे?"

"झाले थोडे दिवस," घरच्या काकू म्हणाल्या. "खुर्चीचं चाक अडायचं हो. यांना न्हाणीघरात न्यायचं म्हणजे रोज उचलून न्यावं लागे. सुताराला हातापाया पडून बोलावला. संरक्षित इमारतीत काम करायला कोणी येतच नाही."

"आणि कापलेले तुकडे?"

"टाकले नाहीत. पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवलेत."

तपासनीस गुडघ्यावर हात टेकून उठली. तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना अजून तिच्या पोटऱ्यांत होता. लिफ्टला परवानगी नव्हती, आणि ती नाकारणाऱ्या कार्यालयातच ती इतकी वर्षं नोकरी करत आली होती. सकाळी याच रस्त्यावर एका माणसाने नव्या खिडकीवरून तिला दारातच फैलावर घेतलं होतं. आमच्या घरात आम्ही काही केलं तर तुमचं काय जातं, असं तो ओरडत होता. पूर्वी ती अशांना शांतपणे समजावून सांगायची. आज तिने नुसती मान हलवली होती आणि जिना उतरली होती.

इथे मात्र तिने मनातल्या मनात निर्णय घेऊन टाकला होता. काप स्वच्छ होता, तुकडे शाबूत होते, हवं तेव्हा ते पुन्हा बसवता आले असते. तात्पुरता बदल म्हणून मंजुरी देण्यात काहीच अडचण नव्हती. दिवसातून एकदा तरी कोणाला तरी हो म्हणावं आणि घरी जावं, एवढंच तिला वाटत होतं.

"आतून एकदा बघते," ती म्हणाली.

"बघा की. मी चहा टाकते." काकू भिंतीला धरून, एका बाजूला कलून स्वयंपाकघराकडे गेल्या.

आत खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत काका बसले होते. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला.

"उशीर... केलात," ते म्हणाले.

तो आवाज तिने लगेच ओळखला. तक्रारीचा फोन तिनेच घेतला होता. शब्द ओढत, अडखळत कोणीतरी बोलत होतं, नाव सांगत नव्हतं. कोणी पिऊन शेजाऱ्यांवर सूड उगवतंय, असं तिला वाटलं होतं.

"फोन तुम्ही केलात?"

काकांनी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ही इमारत संरक्षित व्हावी म्हणून... मीच धावपळ केली होती. लोकांच्या खिडक्यांवरून भांडलो. अर्धी इमारत बोलत नाही माझ्याशी." ते दम घ्यायला थांबले. "नाही म्हणा तिला. चौकट परत लावायला सांगा. मग नेईल मला मुलीकडे. तळमजल्यावर राहते मुलगी. जावई आहे, नातू आहेत उचलायला. हिची पाठ बघितलीत ना?"

"तुम्हीच सांगा की काकूंना."

"सांगून थकलो. म्हणते, इथून हलवलं तर तुम्ही खचाल." त्यांनी डोळे मिटले. "खचेन. मग?"

तपासनिसाने उगाच मापाची टेप उघडून खिडकीची रुंदी मोजली आणि ती बाहेर आली.

काकू कपबशी घेऊन उभ्या होत्या. दुसरा हात कमरेवर होता. चहा बशीत सांडला होता.

"तक्रार कोणाची, ते सांगत नाही आम्ही," तपासनीस आपणहूनच म्हणाली.

"मी कुठे विचारलं?" काकूंनी कप तिच्या हातात दिला. "यांची बोटं चालत नाहीत. नंबर मीच लावून दिला. आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले."

"ऐकलंत तुम्ही?"

"सगळं. मुलगी रोज बोलावते. माझ्याच तोंडून हो निघत नाही. एवढं जीव टाकून सांभाळलेलं घर यांना मीच सोडायला लावलं, असं नको व्हायला. तुम्ही येणार म्हटल्यावर वाटलं, बरं झालं. बाहेरचं कोणीतरी सांगेल."

तपासनीस कापलेल्या वेलीकडे पाहत राहिली.

"मला फक्त लाकडाचं बोलता येतं, काकू."

"मग लाकडाचंच बोला."

तिने कप तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"असं चालणार नाही. चौकट होती तशी करावी लागेल. मुदतही मिळणार नाही."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीजवळचं स्टूल ओढून त्या हळूच त्यावर बसल्या, आणि पाठ भिंतीला टेकवली.

आतून हाक आली. "काय... म्हणाल्या गं?"

"ऐकायला तयार नाहीत," काकू तिथूनच म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "फार कडक आहेत बाई."