दिवस मावळायच्या आत

“दहावी नापास,” आक्काताई म्हणाली आणि पदर उगाचच सारखा केला.

नवा मुकादम नाथाजी तिच्या मुलीकडं, रूपालीकडं बघत राहिला. “नक्की? पोरगी कालेजातली वाटतीया. मालकांनी बजावलंय, शिकल्याली नकोत. गेल्या साली दोघीजणी ऐन हंगामात परीक्षा हाय म्हणून पळाल्या.”

“कुठलं कालेज, आवं! गणितात गचकली ती.”

“खोटं निघालं तर तुमीबी उद्यापास्नं येऊ नका, मावशी. आदीच सांगतो.”

“व्हय.”

कुपवाडच्या त्या बेदाण्याच्या शेडमध्ये माल निवडायच्या सरकत्या पट्ट्याला बसलेल्या बायकांनी हे सगळं ऐकलं. एकीनंही मान वर केली नाही. रूपाली बी.एस्सी. झाली तेव्हा आक्काताईनं याच बायकांना पेढे दिले होते. दिले म्हणजे एकेकीच्या तोंडात घातले होते. रसायनशास्त्र हा शब्द तिनं तेव्हा इतक्या वेळा उच्चारला की बायका तिला रसायनबाई म्हणून चिडवायला लागल्या. आज सकाळी तिनं त्यांच्यापुढंच हात जोडले होते, “एवढं पोटात ठेवा गं बायांनो.” त्यांनी ते ठेवलं.

पेढे वाटल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. रूपालीनं सरकारी भरतीची परीक्षा दिली, तर पेपर फुटला म्हणून ती रद्द झाली. कारखान्यात गेली तर अनुभव पाहिजे, शाळेत गेली तर बी.एड. पाहिजे. पोरीला अजून पुढं शिकवा, असं सांगणारे पाहुणे मात्र उदंड. विहिरीला पाणी लागलं नाही तर आणखी खोल खणा म्हणायला सांगणाऱ्याचं काय जातं? शेवटी रूपालीच एके दिवशी म्हणाली, “आई, मला तुज्याबरोबर घिऊन चल. घरात बसून येड लागंल.” त्या दिवशी आक्काताईला भाकरी गोड लागली नाही. मुलीनं पट्ट्याला बसू नये, एवढ्यासाठीच तर ती इतकी वर्षं पट्ट्याला बसली होती.

बरं, खोटं बोलायची तिला सवय नव्हती. बस्तीत, जैनांच्या देवळात, देवापुढं उभं राहिल्यावर तिला मागायचं सुद्धा काही सुचायचं नाही, इतकी साधी बाई. आणि आज मुलीला नापास करताना तिची जीभ अडखळली सुद्धा नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

दुपारी चेन्नईकडचा एक व्यापारी माल बघायला आला. मालक सांगलीला गेलेले. नाथाजीची हिंदी आणि व्यापाऱ्याची हिंदी यांची गाठच पडेना, तेव्हा व्यापारी इंग्रजीवर आला आणि नाथाजी मान डोलवण्यावर आला. व्यापारी पट्ट्याच्या कडेनं चालत रूपालीपाशी थांबला. तिनं निवडलेला बेदाणा त्यानं ओंजळीत घेतला, उजेडाला धरला. एक काडी नाही, एक काळा दाणा नाही. तो हसला, खाली वाकला आणि इंग्रजीत तिला काहीतरी म्हणाला. मग काहीतरी विचारलं. आवाज मायेचा होता.

रूपालीचा हात थांबला. ओठ उघडले.

बोल बाई, आक्काताईच्या मनात आलं, एकदा बोल, ऐकू दे सगळ्यांना. आणि त्याच वेळी पट्ट्याखाली तिच्या पायानं शेजारच्या रूपालीचा पाय घट्ट दाबून धरला.

रूपालीनं ओठ मिटले. खाली बघून पुढची काडी उचलली.

“अनपढ है साब,” नाथाजी हसून म्हणाला. “हमारे यहाँ की सब औरतें ऐसीच.”

व्यापाऱ्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि तो पुढं गेला. बायकांचे हात पुन्हा चालू झाले.

हंगामात काम रात्रीपर्यंत चालायचं. आक्काताई दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसे, म्हणून भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि ऊन असेतोवर शेडच्या पायरीवर बसून खायची. आज शेजारी रूपाली होती. ऊन समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर चढलं होतं.

“लय जोरात दाबला का गं मी पाय?”

“न्हाई.”

आक्काताईनं भाकरीचा तुकडा मोडला.

“काय म्हणला गं त्यो?”

“तुजा हात साफ हाय, म्हणला मला.”

“आनी? इचारलं की कायतरी त्यानं.”

रूपालीनं तोंडातला घास सावकाश चावून संपवला. “कवा शाळंत गेलीवतीस का, म्हणला.”

आक्काताईच्या हातात घास तसाच राहिला.

“खा की आई. दिवस चाललाय.”

“व्हय.”

पण ती घासाकडं नुसती बघत बसली, आणि बघता बघता पत्र्यावरचं ऊन गेलं. मग तिनं तो घास परत भाकरीवर ठेवला आणि फडक्याला गाठ मारली. आत पट्टा सुरू झाला. दोघी उठल्या.