कोपराचा व्यायाम

सकाळचे रुग्ण बाहेर एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसले होते. आत फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर सून, सासू आणि नवरा अशी तिघं होती. सुनेचं कोपर मोडलं होतं. प्लास्टर निघून महिना झाला होता. "जिन्यावरून पडली," असं सासूने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

बाई पहिल्यांदा व्यायाम शिकवत असताना नवरा म्हणाला होता, "तिला काय कळतंय? मला दाखवा, मी करून घेतो." दुखणं बाईचं असलं तरी सांगायचं घरच्या पुरुषाला, ही आपली थोर रीत. शिकलेल्या बाईंनीही ती निमूट पाळली होती.

आज कोपर सुजलं होतं, गरम लागत होतं आणि आधीपेक्षा कमी वाकत होतं. दुखेल तिथे थांबायचं, हा या विद्येचा पहिला धडा. इथे कुणीतरी तिथूनच सुरुवात करत होतं.

"कसं करून घेता, दाखवा बरं."

"मी तर आता अर्धा डॉक्टरच झालोय!" नवरा हसला. त्याने मनगट धरून हात हिसक्यासरशी दाबला. सून किंचाळली. तो दाबतच राहिला.

"सोडा!" बाई ओरडल्या.

"पुरुषाचा हात जडच असतो हो," सासू म्हणाली. "घरोघरी मातीच्या चुली."

बाईंनी आज प्रथमच सुनेला विचारलं, "घरी हे कधी करतात?"

"चहा गार झाला की. उलट बोलले की." सून म्हणाली. "आणि मी पडले नव्हते. ह्यांनीच हात पिरगळला होता."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही औषध म्हणून! ते औषध आपणच त्याच्या हाती दिलं, या विचाराने बाईंना स्वतःची लाज वाटली.

नवऱ्याने बायकोचे केस धरले. "चल घरी, तुला दाखवतो." बाई मध्ये पडल्या, तर त्याने त्यांना भिंतीवर ढकललं. कपाळ फुटलं. बाहेरची मंडळी दारात जमली.

"नवराबायकोचं भांडण, आपण मध्ये कशाला पडायचं?" कुणीतरी पुटपुटलं.

सुनेने चांगल्या हाताने तपासणीच्या खाटेची कड घट्ट धरली. "हाही मोडा हवं तर. मी येणार नाही."

बाईंनी रक्त पुसत पोलिसांना फोन लावला. मग त्या दाराकडे वळल्या. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. साक्षीला कोण येतंय?"

माणसं खाली बघू लागली. वाचकहो, त्या दारात आपणही उभे आहोत.